नदीचं आत्मवृत्त लिहिणाऱ्यांची मुलं

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने दहावीपर्यंत किती आत्मवृत्तं लिहून टाकलेली असतात! नदीचं, फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं, शंभराच्या नोटेचं. ‘होय, मी नदीच बोलतेय’ अशी सुरुवात केली की परीक्षकाला बरं वाटतं, हे आम्हाला सातवीतच कळलेलं होतं. नदीला अवखळ बालपण असायचं, भरदार तारुण्य असायचं आणि शेवटच्या परिच्छेदात कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल चार अश्रू. लिहिणाऱ्याचं स्वतःचं आत्मवृत्त तेवढं कधी कोणी मागितलं नाही. मागितलं असतं तर काय लिहावं हे सुचलंही नसतं.

आता याच मंडळींची मुलं सतराव्या वर्षी अमेरिकन कॉलेजांचा अर्ज भरायला बसतात, आणि ‘कॉमन ॲप’ नावाच्या त्या अर्जात त्यांच्यापुढे एक रिकामा चौकोन उघडतो. किमान २५० शब्द, जास्तीत जास्त ६५०. तू कोण आहेस, सांग. विषय सात दिलेले असतात, आणि सातवा ‘तुला वाटेल तो’ असल्यामुळे खरं तर एकही दिलेला नसतो. १९७५ साली पंधरा खाजगी कॉलेजांनी मिळून हा सामाईक अर्ज सुरू केला. आज हजारावर कॉलेजं तो घेतात. म्हणजे पोराने एकदा लिहिलेले ते साडेसहाशे शब्द दहा-बारा ठिकाणी जातात. घरात ताण कसला असतो, हे यावरून कळावं.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. माझा या प्रवेशाच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही. पण घरात पुस्तकं फार, आणि मराठी मंडळाच्या अंकासाठी लोकांचे लेख कापायची सवय, त्यामुळे ओळखीतली मुलं “काकू, जरा बघशील?” म्हणत येऊ लागली. पुण्याहून बहिणीचीही आली. १ ऑगस्टला अर्ज उघडतो, गणपतीच्या सुमारास पहिले कच्चे खर्डे येतात आणि लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. २०२४ साली महाराष्ट्रातल्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजनही नेमकं त्याच तारखेला होतं. त्या वर्षी चकल्या तळता तळता मी निबंध वाचलेत.

कच्चा खर्डा वाचला की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की यात कोणीतरी बोलतंय, पण ते हे मूल नव्हे. समोर सोफ्यावर पाय दुमडून बसलेली, आईला उलट उत्तरं देणारी, भयंकर विनोदी मुलगी कागदावर आली की एकदम सत्काराला उत्तर देऊ लागते. ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाचं विलक्षण आकर्षण होतं.’ लहानपणी तिला फक्त पॉपिन्सचं आकर्षण होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यात मुलांचा दोष कमी. आपल्याकडे बारावीनंतर तुम्ही कोण आहात, हे विचारायची पद्धतच नाही. सीईटी, जेईई, पर्सेंटाइल, कॅप राउंड. आता अशोकासारखी काही खाजगी विद्यापीठं निबंध मागू लागली आहेत, पण तो अपवाद. कटऑफ निर्दय असतो, हे खरं; पण तो तुमच्या आजीबद्दल काही विचारत नाही, आणि त्यात एक प्रकारची सभ्यताही आहे, असं मला अधूनमधून वाटतं.

शिवाय घरचं वळण. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना ‘आपली आपण करी स्तुती’ म्हटलं आणि त्याच ओवीत पुढे ‘सांगे वडिलांची कीर्ती’ हेही जोडून दिलं. ओवी पाठ नसलेल्या घरांतही ती पाळली जाते. म्हणून मुलांचे दोनच प्रकार दिसतात. पहिला प्रकार बंड करून स्वस्तुती करतो, तीही सरावाअभावी इतकी ओबडधोबड की वाचणाऱ्याला लाज वाटावी. दुसरा प्रकार लाजाळू असतो. तो स्वतःबद्दल बोलायचं टाळतो आणि आजोबांवर लिहितो. आजोबा चार मैल अनवाणी चालत शाळेत गेले, कंदिलाखाली शिकले, गावात पहिले मॅट्रिक झाले. निबंध संपेपर्यंत आजोबांना प्रवेश द्यावासा वाटतो. नातू कुठेच दिसलेला नसतो. समर्थांनी दोन्ही प्रकार एकाच ओवीत आधीच पकडून ठेवलेत.

आमच्या घरासमोरचा मुलगा तिसऱ्याच वाटेने गेला. त्याने डब्यावर लिहिलं. अमेरिकेतल्या आशियाई मुलांच्या निबंधांत ही गोष्ट आता इतकी नेहमीची झालीय की सल्लागार तिला नावानेच ओळखतात: शाळेत डबा उघडला, वास आला, गोरी मुलं नाक मुरडून हसली, मी लाजलो, पुढे मोठा झालो आणि मला माझ्या संस्कृतीचा अभिमान वाटू लागला. याने मेथीची भाजी आणि पोळी घातली होती.

मी विचारलं, “हे तुझ्या बाबतीत कधी झालं?”

“झालं नाही, काकू. पण होऊ शकलं असतं.”

“एडिसनमध्ये? तुझ्या वर्गात निम्मी मुलं देशी आहेत. तुझा डबा उघडला की पहिला घास दुसराच कोणी घेत असेल.”

तो हसला. हो म्हणाला. मग मनापासून म्हणाला, की त्रास झालेला दाखवला नाही तर निबंध होत नाही, असं सगळे म्हणतात, आणि मला काही त्रासच झालेला नाही. काय करू?

सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या आयुष्यात पुरेसं दुःख नाही म्हणून अपराधी वाटावं, ही या पद्धतीची कमाल आहे. मी त्याला विचारलं की शनिवारी तू सकाळी सहाला कुठे जातोस. कारण त्याची गाडी निघताना मला रोज ऐकू येते, शनिवारीसुद्धा. म्हणाला, रेफरीचं काम करतो. बारा वर्षांखालच्या मुलांचे फुटबॉलचे सामने. हा कडेला झेंडा घेऊन उभा असतो. त्यात काय सांगायचं, काकू? थोडे पैसे मिळतात.

मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांग, म्हटलं. आणि मग तो जो बोलायला लागला! उठून उभाच राहिला. टेबलावरची लोणच्याची बरणी म्हणजे शेवटून दुसरा बचावपटू, आणि आपण कायम त्याच्या रेषेत सरकत राहायचं. अडचण अशी, की चेंडू मारला जातो तो क्षण आणि पुढचा खेळाडू त्या क्षणी कुठे होता, या दोन गोष्टी एकाच वेळी बघायच्या असतात, आणि त्या मैदानाच्या दोन टोकांना असतात. “म्हणून चेंडूकडे बघायचंच नाही. रेषेकडे बघायचं आणि चेंडू मारल्याचा आवाज ऐकायचा.” आणि कडेला उभे असलेले आईबाप? ते चेंडूकडेच बघत असतात, म्हणून त्यांना दर वेळी वाटतं की हा पोरगा चुकला. ओरडतात. मोठी माणसं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर, लाल होऊन. “मी त्यांच्याकडे बघत नाही. पण मला माहीत असतं की त्यांना तिथून खरंच तसं दिसलं असणार.”

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, हे लिही. या वाक्यात तो पूर्ण आला होता: समजूतदार, जरासा हट्टी, ओरडणाऱ्याच्या जागी उभं राहून बघणारा. ‘मी समजूतदार आहे’ असं त्याला कुठे लिहावं लागलं नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते मी प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या शब्दांत सांगत असते. स्वतःकडे बघत स्वतःबद्दल लिहायला बसलं की आवाज बसतो. एखाद्या गोष्टीकडे, जी आपल्याला वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळते अशा गोष्टीकडे बघत लिहिलं, की तो आपोआप मोकळा होतो. कॉलेजातला माणूस ती गोष्ट वाचत असतो आणि बघणाऱ्याला ओळखत असतो. अर्थात त्याच्याकडे वेळ फार नसतो. पेनसिल्व्हेनियासारख्या काही विद्यापीठांत दोन अधिकारी जोडीने बसून एकेक अर्ज मिनिटांच्या हिशेबात हातावेगळा करतात, आणि त्या मिनिटांत मार्क, शिफारसपत्रं, उपक्रम सगळं आलं. त्यात ‘लहानपणापासूनच’ने सुरू होणाऱ्या निबंधाचं काय होत असेल, याची कल्पना करावी.

हा निबंध आला कुठून, हे मुलांना सांगावं की नाही, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलं त्या परीक्षा भराभर पास होऊ लागली, आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यूंचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं. तिथले अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी सरळ कोटाच सुचवला. त्यावर गदारोळ झाला. तेव्हा तीच गोष्ट वळसा घालून केली गेली: नुसते गुण नकोत, ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघू. अर्जात फोटो आला, आईचं माहेरचं आडनाव आलं, वडिलांनी जन्मानंतर नाव बदललं आहे का हा प्रश्न आला. मुलाखती, शिफारसपत्रं, स्वतःविषयीचं लेखन यांना वजन चढलं ते याच काळात. ‘आम्हाला खरा तू हवास’ या गोड वाक्याचे पूर्वज असे आहेत.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली, त्या खटल्यात हार्वर्डवरचा एक मुख्य आरोप असा होता की आशियाई वंशाच्या मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण कमी पडतात. निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली: आपल्या वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदाराने लिहिलं तर ते विचारात घेता येईल. म्हणजे साडेसहाशे शब्दांवर आणखी ओझं. आमच्या भागात याचे पडसाद फार विचित्र उमटतात. एका घरात आई मुलीला म्हणते, भरतनाट्यम लिहू नकोस, फार इंडियन दिसतं. शेजारच्या घरात बाप म्हणतो, भरतनाट्यमच लिही, नाहीतर वेगळी कशी दिसशील? त्यातली एक मुलगी नऊ वर्षं नाचतेय. तिला नाचाबद्दल पायाच्या टाचेपासून सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिला कोणी विचारत नाही. ते सगळं ऐकताना माझा पारा चढतो.

इंग्लंडचा कारभार त्या मानाने कोरडा. माझ्या नणंदेच्या मुलाने तिकडे भौतिकशास्त्रासाठी अर्ज केला. तिथल्या ‘यूकास’ या सामाईक अर्जाच्या संस्थेला सगळं मिळून ४,००० अक्षरं चालतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. पूर्वी एकच सलग निवेदन असे, २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत: हाच विषय का, अभ्यासातून तयारी काय झाली, अभ्यासाबाहेर काय केलंत. तिकडे आजोबांना जागाच नाही. मुलाने लंबकाबद्दल लिहिलं, वाचलेल्या दोन पुस्तकांशी भांडण मांडलं, आणि गंमत म्हणजे त्या कोरड्या मजकुरात तो जितका दिसला तितका त्याच्या अमेरिकन निबंधात दिसला नाही. ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’ची सरकारी विद्यापीठंही अशीच जमिनीवर आहेत. आठ प्रश्नांतले चार निवडा, प्रत्येकी ३५० शब्द, आणि अलंकार नकोत, सरळ उत्तरं द्या. मूल अडलं असेल तर मी आधी हे प्रश्न सोडवायला लावते. कोणी ‘तू कोण’ म्हटलं नाही की ती बोलतात.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच मोसमात मला वेगवेगळ्या घरांतून सारखेच निबंध येऊ लागले. वाक्यं गुळगुळीत, विशेषणं तीन-तीनच्या जुडीत आणि शेवटी काहीतरी ‘उमगलेलं’. २०२४ च्या सुरुवातीला ड्यूक विद्यापीठाने तर निबंधाला आकड्यात गुण देणंच थांबवल्याचं सांगितलं; सल्लागार आणि यंत्रं यांच्यामुळे हे लेखन मुलाचंच असेल असं आता धरून चालता येत नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. गाईडातली नदी होतीच की आम्हाला. आणि नव्वदच्या दशकात एमएसला आलेल्या इंजिनिअरांना विचारा, हॉस्टेलमधल्या किती जणांचे एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ हे सांगणारे अर्जातले निबंध, एकाच फ्लॉपीतून जन्माला आले होते. उसन्या आवाजाची सोय आपल्याकडे कायम होती, फक्त आता वीज आली.

माझ्या भाचीचा पहिला खर्डा वाचून मला हेच वाटलं. ती पुण्याला बाणेरच्या पुढे राहते. सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतात, तिचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. निबंधात लिहिलं होतं की तिने ‘समाजाच्या जलसंकटावर विश्लेषणात्मक कौशल्याने मात केली’. मी फोन केला. “म्हणजे नक्की काय केलंस?”

“अगं मावशी, बांबू टाकला टाकीत.”

तेच सांग, म्हटलं. लिहू नकोस. चालता चालता व्हॉइस मेसेज पाठव, मराठीतच. तिने पाठवला. मागे कुत्री भुंकतायत, लिफ्टचा दरवाजा लावा म्हणून बाई बोलतेय. आणि ती सांगतेय, की सगळे म्हणत होते टँकरवाला पाणी मारतो, चोर आहे, चोर आहे. मीटिंगमध्ये ठराव करायची वेळ आली. “मी म्हटलं, मोजू तरी.” जमिनीखालची टाकी पाच मीटर बाय चार. टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे पंप बंद ठेवून टँकर ओतला तर पातळी पन्नास सेंटिमीटर चढली पाहिजे. तिने बांबूवर खुणा केल्या. त्रेचाळीस चढली. दुसऱ्या दिवशीही त्रेचाळीस. म्हणजे चौदाशे लिटर गायब! बाबा खूश, चोरी सिद्ध झाली.

“पण मावशी, रोज तेवढंच कसं? चोर असता तर कमी-जास्त नसता का झाला?” म्हणून तिने ड्रायव्हरलाच विचारलं. तो म्हणाला, ताई, तुमच्या गेटला उतार आहे, टँकरचं तोंड खाली राहतं आणि तोटी मागे. पुढचं पाणी निघतच नाही, मी ते तसंच घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी तिने टँकर उलटा, मागून आत घ्यायला लावला. अठ्ठेचाळीस.

“आणि उरलेले दोन?” मी विचारलं.

“ते माझ्या बांबूचे असतील. बांबू वाकडा होता.”

हा मेसेज इंग्रजीत उतरवणं हे खरं काम. तिने बसून तो शब्दशः लिहून काढला, मग इंग्रजीत सांगितला, आणि लगेच ती पुन्हा सत्काराला उत्तर देऊ लागली. ड्रायव्हरचा ‘पाणीपुरवठा कर्मचारी’ झाला. बांबूचं ‘मापन उपकरण’ झालं. आम्ही एकेक शब्द परत खाली उतरवला. बांबू तो बांबू. मी फक्त विचारत होते, हे तू मैत्रिणीला सांगताना असं म्हणशील का? ‘यातून मी शिकले की’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या जागी आलं होतं, तिन्ही ठिकाणी काढलं आणि निबंधाचं काहीही बिघडलं नाही. वाकड्या बांबूचं वाक्य ती काढायला निघाली होती, आपलीच चूक कशाला दाखवायची म्हणून. त्यावर मात्र मी अडून बसले. शंका आधी दुसऱ्यावर, मग उतारावर आणि शेवटी आपल्याच काठीवर घेणारी मुलगी कुठल्या प्रयोगशाळेला नको असेल?

भावोजींचा फोन आलाच. “अगं, ती रोबोटिक्समध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळलीय, आणि तू तिला टँकरवर लिहायला लावतेस? काय म्हणतील तिकडे? यांच्याकडे पाणी नाही?” मी त्यांना समजावलं, की रोबोटिक्सला अर्जात वेगळी जागा आहे, दहा उपक्रम, प्रत्येकाला दीडशे अक्षरं, तिथे ते दणक्यात जाईल. त्यांना ते अर्धवट पटलं. दोन दिवसांनी मुलीने त्यांना निबंध वाचायला दिला, तेव्हा पुन्हा फोन.

“यात सोसायटीचं नाव नाही ना कुठे?”

“नाही.”

“आणि मी मीटिंगमध्ये त्याला चोर म्हणालो होतो, ते?”

“ते आहे, भावोजी. दुसऱ्याच परिच्छेदात.”

मग ‘बाबा’च्या जागी ‘सोसायटीचे एक सदस्य’ असं करता येईल का, यावर बापलेकीची बोलणी सुरू झाली. शब्दमर्यादेचं कारण पुढे करून तिने ती थोपवून धरली: एका शब्दाच्या जागी तीन शब्द कुठून आणू? १ नोव्हेंबरच्या रात्री अर्ज गेला तो ‘बाबा’सकटच.